न पाहिलेल्या गावांच्या बाई

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं रत्नागिरी तालुक्यातच गेली. शाळा बदलली, वर्ग बदलला, तरी एक धडा काही माझी पाठ सोडत नसे: महाराष्ट्राचे विभाग आणि तिथली जुनी गावं. फळ्याशेजारी कापडावर चिकटवलेला नकाशा टांगायचा, हातात छडी घ्यायची आणि कोकणातून निघून घाट चढायचा. कोल्हापूर झालं की सोलापूर, मग मराठवाड्यात पैठण आणि देवगिरी, तिथून खानदेश, शेवटी विदर्भात अचलपूर आणि रामटेक. पाऊण तासात सगळा मुलूख पालथा घालून आम्ही मधल्या सुट्टीला परत रत्नागिरीत.

हा धडा मी रंगवून शिकवायचे. पैठणच्या घाटाच्या पायऱ्या, गोदावरीचं पात्र, सातवाहनांच्या काळात तिथून दूरदेशी जाणारा माल, हे सगळं मी अशा तपशिलाने सांगायचे की मुलांना वाटावं, बाई कालच तिकडून आल्या. देवगिरीच्या किल्ल्यातला अंधारा मार्ग सांगताना मी आवाज खाली आणायचे आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना चिकटायच्या. प्रत्यक्षात मी घाट एकदाच चढले होते, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं तेव्हा. ते कोल्हापूरही मी पाहिलं दवाखान्याच्या खिडकीतून, आणि खिडकीसमोर टायरचं दुकान होतं.

माझे यजमान बोटीवर फिटर होते. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्याला घरी. घरी आले की चहाचा कप हातात घेतल्याबरोबर सुरू व्हायचे: आम्ही सँटोसला होतो तेव्हा, आम्ही रॉटरडॅमला होतो तेव्हा. आमच्याकडे साधा पाव आणला तरी तो कुठल्या ना कुठल्या बंदरातल्या पावापेक्षा कमीच पडायचा. सुट्टीत कुठेतरी जाऊन येऊ, असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. आपण नुकताच जगाला वळसा घालून आलोय, आता पडवीत बसू दे. मलाही फार आग्रह करता यायचा नाही. शाळा, सासूबाई, दोन म्हशी आणि आंब्याची कलमं, यांतलं कोणी ना कोणी नेहमी माझ्या वाटेला डोळे लावून बसलेलं असायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेत छोटासा निरोपसमारंभ झाला. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः दोन मुलांची आई, बोलायला उभी राहिली. बाईंनी आम्हाला बाकावर बसवून अख्खा महाराष्ट्र फिरवला, असं ती म्हणाली. टाळ्या झाल्या. मी पदराने डोळे टिपले. यजमान पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, पण त्यांची मान जरा वाकडी झाली होती. काहीतरी सुचलं की ती तशी होते.

घरी येताना आमची स्कूटर भाट्याच्या पुलावर आली, आणि त्यांनी वेग कमी केला.

"काय गो," ते म्हणाले, "तू पैठणला गेली होतीस कधी?"

मी म्हटलं, नाही.

"आणि त्या रामटेकला?"

मी पदर नीट केला. ते पूल संपेपर्यंत हसले, आणि आमचा पूल चांगला लांब आहे.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांनी ते मासेवालीला सांगितलं, शेजारच्या वहिनींना सांगितलं, मुंबईहून लेकीचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं. आमची लेक म्हणाली, आई, मलापण तूच शिकवलंस ना गं हे? तिने ते प्रेमाने म्हटलं असेल, पण मला ते लागलं. पंधरा दिवसांनी, दिवाळी आटोपल्यावर, मी जाहीर केलं की मी पैठणला जाणार, देवगिरीला जाणार, खानदेश बघणार आणि पार रामटेकपर्यंत जाऊन येणार. त्यांनी यावं असा आग्रह नाही. मी एकटी जाईन, एसटीने.

ते दोन दिवस पंप खोलून बसले. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून बोटीवरची जुनी बॅग काढताना दिसले. तुला रस्ते कळायचे नाहीत म्हणून येतोय, असं त्यांचं म्हणणं. मी रस्ते एकतीस वर्षं छडीने दाखवत होते, पण वाद घातला नाही. मनातून मला बरं वाटलं होतं.

सामान त्यांनी बोटीवर जायचं असल्यासारखं बांधलं. दोरी, बॅटरी, चाकू, सुई-दोरा, आणि पत्र्याच्या डब्यात भाजलेला सुका जवळा. घाटावर माणसं काय खातात याबद्दल त्यांच्या मनात दाट संशय होता. डबा मी दोनदा बाहेर काढून ठेवला आणि दोन्ही वेळा तो बॅगेत परत गेला. पालीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरचे एक गृहस्थ कंडक्टरला म्हणाले, गाडीत कोणीतरी मासे आणलेत. यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. मी पर्समधून वेलदोडा काढून तोंडात टाकला आणि आपण या माणसाबरोबर नाही अशी बसले.

कोल्हापूरला आम्ही एक दिवस राहिलो. तिथे ते माझ्या धड्याच्या आहारी गेले. कोल्हापूर म्हटलं की चपला, तूच सांगायचीस ना, असं म्हणून त्यांनी करकरीत कोल्हापुरी चपला घेतल्या आणि त्याच घालून निघाले. दुकानदाराने सांगितलं होतं, चार दिवस तेल लावा, मग घाला. सोलापूरला पोचेपर्यंत दोन्ही पायांना फोड आले होते. आपले बूट त्यांनी बॅगेच्या तळाशी, दोरीखाली बांधून ठेवलेले, आणि ती गाठ काही सुटेना. बोटीवरची गाठ होती.

सोलापूरहून आम्ही संभाजीनगरची गाडी धरली. पैठणला जायचं तर वाटेत पाचोडला उतरून दुसरी गाडी घ्यायची, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. मला पुढे बायकांमध्ये जागा मिळाली, त्यांना पार मागे, खिडकीपाशी. पाचोड आलं तेव्हा मी मागे वळून हाक मारली, आता उतरायचंय म्हणून. त्यांनी मान हलवली. निदान मला तरी ती हलली असं वाटलं. मी उतरले, चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन पैठणच्या गाडीची वेळ विचारली आणि वळून बघते तर आमची गाडी फाटकाबाहेर पडून धूळ उडवत चालली होती. तिच्या मागच्या खिडकीच्या काचेला टेकलेलं एक डोकं मला दिसलं. ते झोपलेलं होतं.

मी फोन लावला. तो माझ्याच पर्समध्ये वाजला. सकाळी त्यांनीच तो माझ्याकडे ठेवायला दिला होता, खिसा फाटलाय म्हणून.

स्टँडवरच्या बाकावर मी बसून राहिले. पाचोडला मी कोणालाच ओळखत नव्हते. असं एकही माणूस ओळखीचं नसलेल्या गावात मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एकटी बसले होते. शेजारी एक तरुण बाई येऊन बसली. पंचविशी-तिशीची, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून वर डोकावणारी एक गुंडाळी. लाकडी दांडा आणि कापडाची पाठ. ती गुंडाळी मी झोपेतसुद्धा ओळखली असती.

मी विचारलं, नकाशा का हो? महाराष्ट्राचा?

ती हसली. पैठणजवळच्या एका शाळेत शिकवते म्हणाली, माहेरी आली होती, आता परत चाललीय. नकाशाची कड उसवली होती ती आईकडून शिवून आणली. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ती सरकून जवळ बसली, आणि नवरा गाडीतच राहिला हे कळल्यावर तिने तोंडावर हात धरून हसू दाबलं. मग उठून थेट चौकशीच्या खिडकीशी गेली. तिथल्या माणसाने कुठे कुठे फोन लावले. गाडी आडूळच्या पुढे गेली होती, पण कंडक्टर भेटला. त्याने सांगितलं की एक लंगडणारे काका आडूळला जागे झाले आणि उतरले.

तासाभराने एक टेम्पो स्टँडसमोर थांबला. मोसंबीची रास भरलेली, आणि ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर मोसंबीची पिशवी घेऊन, आमचे जगप्रवासी. ते उतरले, ड्रायव्हरला राम राम केला आणि माझ्याकडे आले. झोप लागली नव्हती, असं त्यांनी सर्वांत आधी स्पष्ट केलं. फक्त डोळे मिटले होते. तो टेम्पोवाला सद्गृहस्थ असून त्याला रॉटरडॅमबद्दल बरंच सांगून झालंय आणि त्याने ही मोसंबी भेट दिलीय. ती तरुण बाई आता उघड हसत होती. मी मोसंबी सोलून त्यांच्या हातात दिली. पैठणच्या गाडीत मात्र ते माझ्या शेजारीच बसले.

पैठणला आम्ही एका साध्या लॉजवर उतरलो. संध्याकाळी खानावळीत यजमानांनी मासे आहेत का विचारलं, आणि होते. जायकवाडीच्या धरणाचे. त्यांनी मोठ्या आशेने पहिला घास घेतला आणि हळूच मला म्हणाले, "ह्या माश्याने समुद्र बघितलेला नाय." मग पिशवीतून कागदाची पुडी काढली. जवळा. मी वाढप्याची नजर चुकवण्यासाठी त्याच्याकडून दोनदा कांदा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोडला भेटलेल्या त्या बाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं होतं. मुलांना कोकणातली माणसं दाखवते, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही काही प्रेक्षणीय स्थळ नव्हतो, पण गेलो. गावाबाहेर कडुनिंबाची झाडं, पत्र्याची दोन छपरं आणि मधे झेंड्याचा खांब. सहावीचा वर्ग. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. फळ्यावर जोड्या लावा लिहिलेलं होतं. डावीकडे विभाग, मधे गावं, उजवीकडे ती कशासाठी प्रसिद्ध. अक्षरसुद्धा माझ्यासारखंच, टपोरं. कोकण, रत्नागिरी, आणि त्यापुढे एकच शब्द. आंबे.

माझं माहेर, सासर, खाडी, जांभा दगडाचे चिरे, सकाळचा मासळीबाजार, माझ्या सगळ्या शाळा, सगळं त्या एका शब्दाच्या पोटात घालून टाकलं होतं. राग येणार इतक्यात मला आठवलं की एकतीस वर्षं मी पैठणच्या पुढे साड्या लिहीत होते.

मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्या दारात आंबा आहे का? आहे, म्हटलं, पण तो वानरं खातात. समुद्राला आवाज येतो का? येतो. तुम्हाला झोप कशी लागते मग? हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी जरा रंगात आले. अशात तिसऱ्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी उठली.

"आज्जी, तुमच्या गावात ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा हाय ना? स्कॉलरशिपच्या पुस्तकात होतं. आतून कसा हाय तो?"

इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला कैद करून रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून आमच्या गावात टेकडीवर उभा आहे. त्याच्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेले होते, बहुतेक वेळा हातात भाजीची पिशवी घेऊन. आत कधीच नाही. मला तो रंगवून सांगता आला असता. सराव दांडगा होता. संगमरवराचे जिने, सोन्याची सिंहासनं, काय हवं ते. तिथे खोटं पकडणारा माणूस एकच होता, आणि तो मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि स्वतःही कधी आत गेलेला नव्हता.

"मी तो आतून पाहिला नाही, बाळा," मी म्हटलं. "माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. पण राहूनच गेलं."

वर्ग हसला. आता बोलत सुटलेच होते म्हणून मी बाकीचंही सांगून टाकलं. तुमचं पैठण मी एकतीस वर्षं शिकवलं आणि पाहिलं ते काल. मुलं अजून हसली. बाई ओशाळून मुलांना गप्प करू लागल्या. ती वेण्यांची मुलगी मात्र हसत नव्हती. तिला माझी कीव आली असावी.

"असू द्या, आज्जी," ती म्हणाली. "माझी आई मागावर पैठणी विणती. पर तिनं बी कधी नेसली नाही."

बाकीच्या मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. एकाने मधेच विचारलं की खेकडा उलटा चालतो का.

बाईंनी माझी सुटका करायला यजमानांना पुढे बोलावलं. ते लंगडत आले, खडू घेतला आणि फळ्यावर आंब्यांच्या वरच बोट काढली. चांगली काढली. इंजिनरूम कुठे, नांगर कुठे, वल्हं का नसतं, बोटीला ब्रेक असतो का, सगळं सांगितलं. मुलं बाकावर उभी राहिली. आपण सँटोसला होतो तेव्हा, हे आलंच. ब्राझीलमधलं मोठं बंदर, तिथे साखर भरायची, चार-चार दिवस मुक्काम.

वेण्यांची मुलगी पुन्हा उठली. "मग ते गाव कसं हाय, आजोबा?"

ते बोलायला गेले आणि थांबले. खडू हातातच राहिला. बत्तीस वर्षांत त्यांना हे मीही कधी विचारलं नव्हतं.

"गाव मागे होता," ते म्हणाले. "आम्हाला बंदराचा धक्का दिसायचा. फिटरला इंजिन सोडून उतरायला मिळायचं नाय."

"एकदाबी नाही?"

"दोनदा उतरलो. साबण घ्यायला."

मुलं याला हसली नाहीत. त्यांना वाटलं, साबण घ्यायला ब्राझीलमध्ये उतरणं ही मोठीच गोष्ट असणार.

दुपारी लॉज सोडून, बॅग घेऊनच आम्ही घाटावर गेलो. पायऱ्या मी सांगायचे त्यापेक्षा जास्त झिजलेल्या होत्या आणि पाणी मी सांगायचे त्यापेक्षा कमी. यजमानांनी चपला काढून फोड आलेले पाय गोदावरीत सोडले. बराच वेळ ते समोरच्या काठाकडे बघत होते. पलीकडे बाया कपडे धूत होत्या.

"माझी पण सगळी वर्षं धक्क्यावरच गेली गो," ते म्हणाले. "आणि पूल संपेपर्यंत तुझ्यावर हसलो."

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात अशी संधी दोनदा येत नाही. पण त्यांचे पाय पाण्यात फार लाल दिसत होते. मी विचारलं, चपला अजून चावतायत का? ते म्हणाले, चावतायत. मग मी बॅगेतली ती गाठ दातांनी सोडवली आणि बूट काढून दिले.

पुढचा प्रवास आम्ही पुरा केला. देवगिरीचा अंधारा मार्ग मी सांगायचे त्यापेक्षा अंधारा निघाला आणि त्यात वटवाघळांचा वास होता, तो मी धड्यात कधी घातला नव्हता. तिथे मीच यजमानांचा हात घट्ट धरला, आवाज खाली आणायची गरजच पडली नाही. खानदेशात एका घरी आम्हाला वांग्याचं भरीत मिळालं. ते त्यांना इतकं आवडलं की जवळ्याचा डबा दोन दिवस उघडला नाही. अचलपूर आमच्याकडून राहिलं, कारण गाडी चुकली. या वेळी दोघांचीही. रामटेकला टेकडीवर चढून गेल्यावर एका पुजाऱ्याने विचारलं, कुठून आलात? रत्नागिरी म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, आंबे आणले का? नोव्हेंबर महिना होता. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने हे विचारलं होतं. यजमान आता प्रत्येकाला सांगायचे, आंबे नाहीत, पण राजवाडा आहे, या बघायला. आपण स्वतः तो पाहिलेला नाही, हे मात्र ते सांगत नसत.

घरी आल्यावर आठवड्याभराने पैठणच्या बाईंचा फोन आला. शाळेची सहल ठरली होती. कोल्हापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे. मुलांनी हट्टच धरला होता, आज्जींच्या गावाला जायचं. आम्ही राजवाडा आणि भाट्याचा किनारा दाखवू का?

दाखवू म्हटलं. फोन ठेवला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मुलांना दाखवायचा तर आधी आपण बघून यायला हवा. दुसऱ्याच दिवशी आम्ही तयार होऊन रिक्षाने गेलो. राजवाडा बंद होता. सोमवारी बंद असतो, रखवालदार म्हणाला, आणि आम्हाला कुठून आलात म्हणून विचारलं. यजमानांनी पैठण सांगितलं. भाट्याहून आलोय म्हणायची लाज वाटली, असं त्यांनी परतीच्या रिक्षात कबूल केलं. पुढे कधी पाहुणे, कधी पंपाची दुरुस्ती, असं करत करत सहल दारात आली आणि राजवाडा बघायचा राहिला तो राहिलाच.

तेव्हा आम्ही तो मुलांबरोबरच पाहिला. डिसेंबरातली सकाळ होती. मी एकेक पाटी मोठ्याने वाचत पुढे चालले होते, मुलांसाठी म्हणून, आणि स्वतः पहिल्यांदा ऐकत होते. आत सोन्याचं सिंहासन वगैरे काही नव्हतं. उंच दालनं, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या आणि काचेच्या कपाटांतून जपलेल्या जुन्या वस्तू. ती वेण्यांची मुलगी बाहेरच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथून खाडी आणि त्यापलीकडे समुद्राची कड दिसते. यजमान तिच्या मागे उभे होते.

राजाला परत घरी जायला मिळालं का, असं तिने विचारलं. नाही, मी म्हटलं, तो इथेच वारला.

"पर त्याला समुद्र तर रोज दिसत असंल," ती म्हणाली. "समुद्र बघून बरं वाटत असंल."

"समुद्र दिसला म्हणून घर दिसत नाय, बाय," यजमान म्हणाले.

इतकंच. मग ते रखवालदाराशी बोलायला गेले. रखवालदार त्यांच्याकडे निरखून बघत होता, आणि पैठणहून दुसऱ्यांदा कसे आलात, असं विचारत होता.

दुपारी चारला बस भाट्याला सुरूच्या बनाजवळ लागली. मुलं उतरली, आणि समोर समुद्र दिसल्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ती उलट गप्प झाली आणि एकमेकांचे हात धरून उभी राहिली. मग एक धावला आणि सगळी धावली. कोणी पाणी चाखलं, कोणी थुंकलं, कोणी दुसऱ्याला चाखायला लावलं. यजमानांनी तिथल्या तिथे कप्तानपद घेतलं. गुडघ्याच्या पुढे कोणी जायचं नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही, आणि दोघांदोघांनी हात धरायचे. मुलं त्यांचं ऐकत होती. घरात हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि ऐकला असता तर मानला नसता.

बाई मात्र वर, कोरड्या वाळूत उभ्या होत्या. चपला हातात, आणि ओढणी कमरेला खोचलेली. मुलांची यादी त्यांनी तीनदा तपासली. मी शेजारी जाऊन म्हटलं, तुम्ही पण या की पाण्यात. त्या म्हणाल्या, नको, मुलांवर लक्ष ठेवायचंय. मुलांवर लक्ष ठेवायला यजमान होते, दुसरे दोन शिक्षक होते. मी तसं म्हटलं. तेव्हा त्यांनी यादी पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"काकू, मीपण पहिल्यांदाच बघतेय. सहा वर्षं झाली शिकवून. भरती, ओहोटी, सगळं." त्यांनी ओढणी परत खोचली. "वर्गात तुम्ही बोललात तेव्हा मला पण सांगायचं होतं. धीर झाला नाही."

मी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या, माझ्या चपलांशेजारी वाळूत ठेवल्या आणि त्यांचा हात धरून खाली निघाले. ओल्या वाळूशी आल्यावर त्या थांबल्या. पहिली लाट घोट्यापर्यंत आली, आणि परत जाताना तिने पायांखालची वाळू ओढून नेली. त्यांनी माझा दंड दोन्ही हातांनी पकडला.

"काकू, जमीन सरकतीय."

"सरकते," मी म्हटलं. "पाय रोवा. आपण नाही जात तिच्याबरोबर."

दुसरी लाट मोठी होती. आमच्या दोघींचेही कपडे गुडघ्यापर्यंत भिजले. ते पाहून लांबून मुलं ओरडली, मॅडम भिजल्या, मॅडम भिजल्या, आणि अख्खी सहावी आमच्याकडे पाणी उडवत धावत आली. यजमान मागून हाका मारत होते की दोघांदोघांनी हात धरा म्हणून, पण आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. बाई हसत होत्या आणि माझा दंड सोडत नव्हत्या. गणपतीपुळ्याला निघायची वेळ झाली होती. ड्रायव्हर बनाच्या कडेला उभा राहून हॉर्न वाजवत होता, आणि आम्ही अजून एक लाट, अजून एक, असं म्हणत तिथेच उभ्या होतो.